अर्धी लादी

गेत न्दारच्या वाळूवर, जिथे नदी कुठे संपते
यावर म्हातारे कोळी अजून भांडतात,
तिथे मी उभा, इस्त्रीच्या शर्टात,
वहीत सतरा प्रश्न.
सीसे सरांनी बजावलेलं :
एक लघुउद्योजक गाठा, त्याच्याशी बोला.
मी गाठली अंता फाल, बर्फवाली.
तिने मान वर केली नाही.

पहिला प्रश्न : भांडवल किती?
गोणपाट ओढत ती म्हणाली,
"ते बघ, ठिबकतंय."
दुसरा : धंद्यातली जोखीम?
"तेही तेच."

पहाटे चारला कारखान्यातून सहा लाद्या,
त्यांवर भाताचं तूस, त्यावर गोणपाट,
सगळ्यांवर मेलेल्या नवऱ्याचा रेनकोट.
"लोक चोरांपासून झाकतात, मी उन्हापासून.
चोराला बाकीची घरंही असतात,
ऊन दिवसभर माझ्याच गाडीवर."
मी लिहून घेतलं. शाई पसरली.

स्पर्धक कोण?
तिने हनुवटीनेच दाखवला धक्क्यावरचा पांढरा ट्रक.
"तो टनाने देतो, रोखीने.
मी ढलपीने देते, उधारीने."
उधारी गाडीच्या फळीवर, खडूने :
होड्यांची नावं, पुढे उभ्या रेघा.
पुसलं गेलं तर?
"फळीवरचं जाईल. जिभेवरचं कसं जाईल?"

बँकेचं कर्ज?
आता मात्र ती हसली, पुढचे दोन दात नव्हते.
अकरा बायकांची भिशी, दर शुक्रवारी.
पहिल्यांदा नंबर लागला तेव्हा ही गाडी.
दुसऱ्यांदा लागला, तो सोडून दिला.
त्या आठवड्यात युमानेचा मुलगा
समुद्रावरून परतला नव्हता.
मी विचारलं, हे कशात धरू,
गुंतवणुकीत की खर्चात?
तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.
"एवढ्या जाड वहीत
दोनच रकाने?"

नववा प्रश्न मी घाईने वाचला :
पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?
"पाच वाजता विचार."

होड्या अजून दिसत नव्हत्या.
तिने रेनकोट उचलला, आत हात घातला,
पोळ्यांच्या डब्यात हात घालून
किती उरल्या ते चाचपावं तसा.
"तुझ्या नऊ प्रश्नांत अर्धी लादी गेली.
हजार फ्रँक."
मला वाटलं थट्टा. ती हात पुढे करून उभीच.
खिशात दोनशे होते, तेही बसचे.
"मग ढकल."

वाळूत चाक रुततं हे कुठल्या धड्यात नव्हतं.
इस्त्री पहिल्या वीस पावलांत गेली.
"ओरड," ती म्हणाली.
मी ओरडलो, बर्फ.
एक बकरीसुद्धा वळली नाही.
"असं नाही. तू विचारतोयस. सांग त्यांना."
बर्फ!
"अजून विचारतोयस."

मग कधीतरी होड्या आल्या, रंगीत, वाकलेल्या,
घमेल्यांतून याबोय सांडायला लागले
आणि लाद्यांवर टोचा पडू लागला खाड खाड.
कोण कुणाला किती देतंय कळेना.
तिला कळत होतं.
एका बाईला तिने न मागता दोन ढलप्या जास्त दिल्या,
एकीला मागूनही नाही.
मी कारण विचारणार होतो.
तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं, बर्फ!
तीन डोकी वळली.
घमेलंवालीने विचारलं, "मुलगा का गं तुझा?"
"छे," अंता म्हणाली, "देणेकरी आहे."

संध्याकाळी तूस झटकताना तिने हिशेब केला :
चारशे फिटले, सहाशे बाकी. गुरुवारी ये.
माझ्या तळव्यावर एक खडा ठेवला, सुपारीएवढा.
पुलाच्या मध्यापर्यंत होता तो मुठीत.

दहा ते सतरा प्रश्न कोरेच राहिले.
सरांनी तांबड्या शाईने विचारलंय, का?
वहीची पानं एकमेकांना चिकटलीत,
कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं
मलाही आता सांगता येत नाही.

पण त्या फळीवर, होड्यांच्या नावांखाली,
खडूने बिराम लिहिलंय, पुढे सहा रेघा.
नावातलं एक अक्षर चुकलंय.
तसंच राहू दिलं मी.